फळ्यावर लिहिलेला वाघ

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केली नव्हती. पोंभुर्ण्याकडचं आमचं गाव. बाबा जंगलात बांबू तोडायचे, माय मोहफुलं वेचायची. घरचा तांदूळ पौषापर्यंत पुरायचा, त्यानंतर उकडलेला मोह. शाळेत कुणी 'जेवला का?' विचारलं, तर मी हो म्हणायचो आणि काय जेवलो ते सांगायचं टाळायचो. असा मी नागपूरला जाऊन बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. हे मी मिरवण्यासाठीच सांगतो आहे. तेवढा हक्क मला आहे.

कॉलेजात अलंकार शिकलो. मुख चंद्रासारखं, डोळे कमळासारखे, चाल हंसासारखी. हंस मी आजतागायत पाहिलेला नाही. पण दर परीक्षेला तो माझ्या पेपरात पोहून गेला आणि मार्कही देऊन गेला.

मग नोकरी लागली आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलातल्या एका गावी. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. गडचिरोलीसकट तो सगळा मुलूख तेव्हा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातच होता. शाळा सातवीपर्यंत. आठवी हवी तर चांद्याला जा. एखाद-दुसरा मुलगा जायचा. मुली सातवीनंतर घरी बसायच्या. आठवीच्या वर्गासाठी आम्ही दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तर एकच, 'विद्यार्थ्यांची पात्रता पाहून निर्णय होईल.' ती पात्रता पाहायला फाल्गुनात इन्स्पेक्टर साहेब यायचे होते.

अलंकार मी हंसाला सुट्टी देऊन शिकवत होतो. एका वस्तूला दुसरीसारखी म्हटलं की उपमा. 'सारखी' काढून टाकून ती तीच आहे म्हटलं की रूपक. खेळ असा, की टोपलीखाली एक वस्तू ठेवायची आणि तिचं नाव न घेता तिच्यावर एक ओळ लिहायची. बाकीच्यांनी ओळखायचं. एकदा टोपलीखाली काहीच नव्हतं, तेव्हा एका पोरानं लिहिलं, 'हेडमास्तरांचं हसणं उन्हाळ्यातल्या नाल्यासारखं. आहे म्हणतात, पण दिसत नाई.' सगळ्यांनी ओळखलं.

हेडमास्तर देवाजी गुरुजी मला म्हणाले, "भाऊ, बी.ए. होऊन पोराईले कोडे घालून राह्यले का तुमी? सायेब काय टोपली घेऊन येणार आहे?"

साहेब छकड्यातून आले. कोट, हॅट, आणि गालात पान. ऊन उतरायच्या आत आलापल्लीला परतायचं होतं, म्हणून थेट सातवीत शिरले.

"शूर माणसाला कशाची उपमा देतात?"

वर्ग गप्प.

"सोपा प्रश्न आहे." साहेबांनी खडू घेतला आणि फळ्यावर हातभर अक्षरांत लिहिलं, 'वाघ'. "यावर प्रत्येकाने एक अलंकारिक वाक्य लिहा. शब्द वाक्यात आलाच पाहिजे."

पोरांनी माना खाली घातल्या. पाट्या कोऱ्याच. मागच्या बाकावरच्या दोघांनी तर फळ्याकडे पाठ केली.

मोह गळायचे दिवस होते. उजाडायच्या आधी घरची माणसं झाडाखाली फुलं वेचायला जातात. त्या महिन्यात त्या भागात कुणी फळ्यावरच्या त्या जनावराचं नाव तोंडातून काढत नाही. नाव घेणं म्हणजे बोलावणं. आठच दिवसांपूर्वी वर्गातल्या लच्चूच्या घरचा गोऱ्हा त्यानं नेला होता. मी पदवीधर असल्यामुळे माझा यावर विश्वास नव्हता. पहाटे बाहेर जाताना मात्र मीही ते नाव घेत नसे.

साहेब हेडमास्तरांकडे वळले. "एक वाक्य येत नाही, आणि यांना आठवी हवी?"

देवाजी गुरुजी नाल्यासारखे कोरडे झाले. मी पुढे झालो.

"साहेब, तो शब्द न घालता लिहू द्या. पाच मिनिटं."

"शब्दच नाही तर वाक्य कसलं?"

"पर्यायोक्त, साहेब. नाव न घेता आडवळणानं सांगायचं. आपल्याला माहीतच आहे."

साहेबांना माहीत नव्हतं. ते चेहऱ्यावर दिसलं, आणि ते दिसलेलं आम्हा दोघांनाही कळलं. "बरं, पाच मिनिटं," ते म्हणाले.

लेखण्या पाट्यांवर करकरायला लागल्या. साहेब रांगेतून फिरू लागले. पहिली पाटी, 'तो चालला तर वानर बोलते, तो थांबला तर कोणीच बोलत नाई.' दुसरी मैनीची. ती वर्गात वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. तिनं लिहिलं होतं, 'गवतात ऊन पडलं होतं. ऊन उठून चालायले लागलं.'

साहेब तिथे थांबले. मग लच्चूची पाटी. 'आमचा गोऱ्हा चरायले गेला. गळ्यातली घंटी घरी आली.'

"घंटी कोणी आणली?" साहेबांनी हळूच विचारलं.

"बाबानं. तिथीच पडली होती."

"तिथे म्हणजे?"

लच्चूनं खिडकीतून हात केला. "तुमच्या वाटेवर, सायेब. तुमी जाणार ना आता? मंग नाव काऊन लिवता?"

वर्गात कुणी हसलं नाही. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, बाहेर उतरलेल्या उन्हाकडे पाहिलं. मग फळ्यापाशी गेले आणि स्वतःच्या हातानं तो शब्द पुसला. नीट पुसला, कान्यासकट. छकड्यात बसताना त्यांनी गावातली दोन माणसं सोबत मागून घेतली. कशासाठी, ते सांगताना त्यांनीही नाव घेतलं नाही.

महिन्याभरानं अहवाल आला. 'अलंकारांची समज समाधानकारक. आठवीस शिफारस आहे. तथापि चंद्र, कमळ व हंस यांचा सराव वाढवावा.' देवाजी गुरुजींनी तो कागद दोनदा वाचला आणि हसले. नाल्याला पाणी आलेलं मी त्या दिवशी पाहिलं.

या धंद्यात मी एवढं शिकलो, की वर्ग गप्प बसला तर आधी प्रश्न तपासावा, मुलं नंतर.

जुलैत आठवी सुरू झाली. नऊ जण बसले, त्यात तीन मुली. परीक्षेत सात पास झाले. तिन्ही मुली त्या सातांत होत्या.