आईच्या कौतुकातली माझी चूक आणि मंदाताई

आमच्या मंडळाच्या मागच्या वार्षिक अंकात मी लिहिलं होतं, ‘स्मृतिभ्रंश झालेल्या बाबांचं सगळं आई एकटी, हसतमुखाने करते.’ ते चूक होतं. तेव्हा ती एकटी करत होती हे खरं, हसतमुखाने नव्हे. शाळेत जाण्याआधी मला घरी अक्षरं बाबांनीच शिकवली. चुकलेलं पुसायचं आणि त्याच जागी बरोबर लिहायचं, ही त्यांची शिस्त. म्हणून मंदाताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात आधी ही दुरुस्ती.

मंदाताई आम्हाला पहिल्यांदा भेटल्या त्या माणिकपूरच्या रिक्षास्टँडवर. बाबा रिक्षातून उतरायला तयार नव्हते. रिक्षावाला वैतागला होता, आई रडवेली झाली होती. वटार गावातल्या आपल्या वाडीतला सोनचाफा फुलांच्या दुकानात पोचवून परतणाऱ्या मंदाताई बाबांशेजारी येऊन बसल्या. “दादा, मला तुमच्या घराकडेच जायचंय. रस्ता दाखवता?” बाबा उतरले आणि पुढे चालू लागले. दाराशी पोचल्यावर मंदाताईंनी बाबांविषयी काहीच विचारलं नाही. आईला विचारलं, “तुम्ही शेवटचं बसून कधी जेवलात?”

यजमानांच्या याच आजारात त्यांची कितीतरी वर्षं गेली. यजमान गेल्यानंतर त्या आमच्यासारख्या घरांत दुपारी दोन तास रुग्णापाशी बसू लागल्या. सांभाळणाऱ्या बाईला मात्र त्या चक्क घराबाहेर काढतात. “चपला घाला. कुठे जायचं ते खाली उतरून ठरवा.”

फुलपाड्याला राहणारे माझे काका एकदा आईला म्हणाले, “वहिनी, काही लागलं तर सांगा हं.”

आईच्या आधी मंदाताईच बोलल्या, “लागतंय ना. कोणता वार देताय?”

“म्हणजे... बघून सांगतो.”

“बघा की. कॅलेंडर तुमच्या मागेच आहे.”

तेव्हापासून काका दर रविवारी बाबांची दाढी करतात आणि दर रविवारी कुरकुरतात, “बँकेत मॅनेजर होतो, ताईंनी वस्तरा धरायला लावला!”

बाबांना उचलून उचलून आईला हर्निया झाला. शस्त्रक्रियेचा दिवस तिने दोनदा पुढे ढकलला. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं, तरीही. मंदाताईंनी कारण विचारलं तेव्हा आई माझ्याकडे बघून म्हणाली, “हिने छापून आणलंय ना, हसत करते म्हणून. आता मदत मागू कोणत्या तोंडाने?”

मंदाताई मला म्हणाल्या, “शाबासकी दिलीस आईला. सुट्टी कोण देणार?”

मला भीती वाटते, हे मी तेव्हा कबूल केलं. बाबा मला ओळखत नाहीत. अंघोळीला नेलं की परकी समजून ढकलतात. मंदाताई रागावल्या नाहीत. पंचाहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, तीन दुपारी माझ्यामागे न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या. “पाणी आधी पायांवर. डोक्यावर एकदम ओतू नकोस. आणि मुलगी आहे हे पटवत बसू नकोस, साबण त्यांच्या हातात दे.” तिसऱ्या दुपारी बाबांनी स्वतःचे हात चोळले. मला ‘बाई’च म्हणाले, पण ढकललं नाही.

मंदाताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे बरे राहोत, आणि काही दुपारी त्यांना स्वतःच्या वाडीत नुसतं बसायला मिळो.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा दिवस दिला आहे. आई अजून ‘बघू’ म्हणते. तिची पिशवी मीच भरली आहे. माझी महिनाभराची रजा मंजूर झाली आहे. धास्ती गेलेली नाही. गौरवसमारंभ रविवारी आहे. त्यानंतरच्या बुधवारी सकाळी काका आईला रुग्णालयात नेतील आणि बाबांपाशी मी थांबेन.