आजोबांचा टॅब

आमच्या दुसरबीडात मला थापाड्या म्हणणारी माणसं दोनच प्रकारची आहेत. एक गावातली, दुसरी गावाबाहेरची. रस्त्याला लागून माझं तुषार सिंचनाच्या पाइपांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पाइप घ्यायला येतं आणि आमच्या विहिरीत पडलेला नारळ लोणारच्या सरोवरात कसा निघाला, हे ऐकून पाइप विसरून परत जातं. असा माझा लौकिक. पण गेल्या पोळ्याच्या आधी माझ्या तोंडून एक खरी गोष्ट निघाली, आणि तीच नेमकी कुणी मानेना.

गोष्ट अशी. दुकानाच्या बिलांसाठी लेकाने एक लॅपटॉप घेऊन दिलेला. त्यावर इंटरनेटचं एक पान उघडलं की मी ते बंद करत नाही. आमच्या घराण्यात उघडलेलं काही बंद करायची रीतच नाही. भांडण उघडलं तर तीन पिढ्या चालतं, मग टॅबचं काय घेऊन बसलात. वर टॅबांची रांग अशी दाट लागलेली, की दोघांच्या मधे तीळ ठेवायला जागा नव्हती. पंखा मळणीयंत्रासारखा घरघरायचा. थंडीत मांजर त्याला टेकून झोपायचं, आणि पावसाळ्यात बायको मऊ पडलेले पापड त्यावर ठेवून कडक करून घ्यायची. लाइट गेली तरी मला फिकीर नव्हती. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की तो अदबीने विचारायचा, मागची पानं परत आणू का? मी हो म्हटलं, की सगळं खिल्लार दावणीला हजर.

तर एके दिवशी नोझल शोधता शोधता, ह्यावर टिचकी मार, त्यावर टिचकी मार, असं करत मी कुठल्याशा परदेशी संग्रहालयाच्या पानावर पोचलो. तिथे एक जुना काळा-पांढरा फोटो. बाजार भरलेला. मधोमध एक दांडगा बैल. बैलाच्या शेजारी फेटेवाला माणूस, आणि त्याच्या तोंडावर आमचं नाक. आमचं नाक म्हणजे तालुक्यात प्रसिद्ध. माणूस वळणावर दिसायच्या आधी नाक दिसतं. मी आजोबांना पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ते गेले, पण नाक कसं चुकणार? खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही. नाक दिसल्यावर वाचायचं काय?

मी लगेच सुलतानपूरच्या आत्याला फोन लावला. आत्या ऐंशीच्या पुढची, आजोबांची एकटीच उरलेली लेक. आजोबांचा फोटो कुणाकडेच नव्हता. दरवर्षी पित्राच्या दिवशी लोकांच्या घरी फोटोसमोर ताट वाढतात, आमच्याकडे कोऱ्या भिंतीसमोर. आत्याला त्याचं फार लागायचं. 'मेल्यावर वर भेटला बाप, तं वळखू कशी मी त्याले?' असं ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी कढी परत मागायची.

फोनवर तिने मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "पाह्य बे, तुह्या नारळासारखं नको करू. म्या खरंच येऊन राह्यली."

"ये आत्या. आजोबा उघडून ठेवले हायेत."

ती यायच्या दिवशी सकाळी अंघोळ करून, अष्टगंध लावून मी लॅपटॉप उघडला. तो काही विचारेना. पानं परत आणू का, नाही. नमस्कार नाही. एक पांढरं पान, वर एकच टॅब, पोळा फुटल्यावरच्या मैदानासारखं सगळं मोकळं. मी बंद केला, उघडला. बंद केला, उघडला. चार्जर काढून फुंकून लावला. नोझल, सोयाबीनचे भाव, गुडघेदुखीवरचे उपाय आणि आजोबा, सगळे एकदम गेले.

मग मी साडूंना बोलावलं. माझे साडू वीज कंपनीतून रिटायर झालेत. ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज टाकता येतो तर कॉम्प्युटर काय मोठी गोष्ट, असं त्यांचं मत. ते चष्मा पुसत आले आणि डॉक्टरने नाडी पाहावी तसा त्यांनी लॅपटॉपवर पंजा ठेवला.

"तापेल हाये," ते म्हणाले.

"तो जन्मापासून तापेल हाये, साडूभाऊ. टॅब काऊन परत येऊन नाही राह्यले, ते सांगा."

"कचरा झाला यात. आधी तणकट काढा लागते, मंग पीक दिसते."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी कुठेतरी जाऊन 'सगळा इतिहास पुसा' यावर बोट ठेवलं. लॅपटॉपने बिचाऱ्याने विचारलं, नक्की का? साडू म्हणाले, "अबे नक्की, तुले काय सही करून देऊ?" आणि पुसला. मग खुर्चीला टेकून त्यांनी विजयी मुद्रेने चहा मागितला.

लॅपटॉप खरोखर पळायला लागला. पळत होता, पण पाठीवर काही नव्हतं.

शेवटी पुण्याच्या लेकाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, सोपं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबा. बंद झालेला टॅब परत येतो."

मी दाबलं. साडूंनी दाबलं. आम्ही दोघांनी मिळून, एकाने दोन बटणं आणि एकाने एक, असंही दाबून पाहिलं. काही येईना.

"बरं, मग हिस्ट्री उघडा. त्यात सगळं असतं."

"ती तुह्या मावसाजींनं साफ केली."

मग लेक म्हणाला, "बाबा, मावसाजींना कशालाच हात लावू देऊ नका. तुम्ही पण लावू नका. काय शोधून पोचला होता, ते आठवतं का?"

"नोझल."

"नोझलवरून आजोबांपर्यंत?"

"रस्त्यात लय वळणं होती."

तो म्हणाला, मी शोधत राहतो, आणि ठेवला. मी आपला 'जुना बाजार बैल आजोबा फोटो' असं टाइप करून पाहिलं. पोळ्याच्या शुभेच्छा आल्या, ट्रॅक्टरच्या जाहिराती आल्या, एका आजोबांनी बैलगाडीवर बसून काढलेला व्हिडिओ आला. ते आजोबा हयात होते आणि नाक बसकं होतं.

एवढ्यात एसटीतून उतरून आत्या दारात. नऊवारी नवी, हातात पिशवी, पिशवीत झेंडूचा हार. हार कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"दाखव," ती म्हणाली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

आता मी आयुष्यभर इतक्या गोष्टी रचल्या, पण त्या क्षणी एक थाप सुचेल तर शपथ. मी म्हटलं, "आत्या, काल होते. आज मशीन परत देऊन नाही राह्यलं."

"म्हंजे नारळच निघाला ना लेका," आत्या म्हणाली आणि हार पिशवीत खाली ढकलला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती बाजेवर बसली आणि गुडघ्यावरची साडी उगाच नीट करत राहिली.

साडू म्हणाले, "मशीनचा दोष हाये, आत्याबाई. वरूनच लोड कमी येते."

तेव्हा स्वयंपाकघरातून बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "मशीनले कायले बोलता? ते वरचे टॅब का फॅब, ते म्याच काल बंद केले."

मी म्हटलं, "काय केलं?"

"पाहुणे येणार म्हून घर आवरलं. गाद्या उन्हात टाकल्या, भांडी घासली, तुमच्या त्या डब्यात डोकावलं तं हा पसारा. आत्याबाईसमोर असं उघडंवाघडं ठेवायचं का? भाजी निवडते तसे एकेक पाहून बंद केले."

पाहा आता. घरात सारवणं चालू असताना माझे आजोबा शेणाच्या पोतेऱ्याखाली गेले. त्यातही लेकाने सांगितलेल्या बटणांनी ते परत आले असते, पण साडूंनी मागून येऊन वरून फिनेल टाकलं.

"एकेक पाहून बंद केले ना?" मी म्हटलं. "मंग त्यात एक बाजार होता. फेटेवाला माणूस, असं नाक."

"नाकाचं नाई माहीत. एक बैल होता. लय देखणा. पोळ्याले स्टेटस ठेवू म्हून मोबाइलवर फोटो काढून घेतला म्या त्याचा."

मी तिच्या हातातून मोबाइल जवळजवळ हिसकावलाच. फोटो होता. लॅपटॉपच्या काचेवरून काढलेला, त्यात आमच्या घरातली ट्यूबलाइटही चमकत होती. पण बायकोला हवा होता बैल. बैल शिंगापासून शेपटीपर्यंत ऐटीत आला होता. फेटेवाल्याचा तेवढा एक हात उरला होता, बाकी तो नाकासकट कापला गेला होता. आणि बैलाच्या मागच्या पायांशी कुणीतरी वाकलेलं. नुसती पाठ, धोतर, आणि डोक्याला गुंडाळलेलं फडकं.

मी आत्याला समजावून सांगायला लागलो, की इथे आजोबा होते, या बाजूला, आणि हिने फोटो काढताना...

आत्याने मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब धरला. "गप बस जरा," ती म्हणाली. "हा काय, वाकेल."

"तो कोणीतरी दुसरा..."

"माह्या बापाले मी वळखत नाई का? भाकर घेऊन वावरात जाऊ तं हीच पाठ दिसे. तोंडाकडं पाहाची टाप कोणाची व्हती तवा? जिंदगीभर म्या त्याले मागूनच पाह्यलं." तिने साडीच्या पदराने मोबाइलची काच पुसली. "आन् हा बैलही आमचाच. याचं डावं शिंग पाह्य. मले उडवलं व्हतं यानं."

मला त्या बैलाची दोन्ही शिंगं सारखीच दिसत होती. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. साडूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने त्यांच्या हातात चहाचा दुसरा कप दिला.

त्याच दिवशी फोटो स्टुडिओतून मोठा करून, चौकट लावून घेतला. ट्यूबलाइटही आली त्यात, पण आत्या म्हणाली, राहू दे, तेज हाये ते.

पित्राच्या दिवशी पहिल्यांदा आमच्या भिंतीवर कुणीतरी होतं. पाठ करून होतं, पण होतं. बैलाच्या कमरेला झेंडूचा हार. आत्या पाटावर बसून आलेल्या पंगतीला सांगत होती, की कॅमेरावाला साहेब हात जोडून म्हणे, पाटील, एकदा तोंड इकडी करा. आणि माझा बाप म्हणे, बैल विकून राह्यलो, तोंड दाखवायले टाइम नाई. पंगत जेवण थांबवून ऐकत होती. ही कला मला कुठून आली, हे गावाला कळलं नसेल, मला कळलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. लेकाचा मेसेज. 'बाबा, सापडलं एकदाचं ते पान. खालचं वाचलं होतं का?' सोबत लिंक. मी दाबली. बाजार उघडला, बैल आला, नाकवाला फेटेवाला आला, आणि मी पहिल्यांदा बोटाने पान खाली सरकवलं. बारीक अक्षरांत गावाचं नाव होतं. ते गाव आपल्या जिल्ह्यातलं नव्हतं. आपल्या राज्यातलंही नव्हतं.

"कोणाचा फोन हाये बे, जेवताना?" आत्या म्हणाली.

"पाइपच्या कंपनीचा," मी म्हटलं.

मग जे आमच्या घराण्यात आजवर कुणी केलं नाही ते मी केलं. कोपऱ्यातली फुली शोधून तो टॅब बंद केला, मोबाइल पालथा ठेवला आणि कढी परत मागितली.