ती सुरी कोणाची होती

बाबूराव ढेबे गेल्याचा फोन आला तेव्हा मी औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर, चहाच्या टपरीपाशी, त्याचीच गोष्ट सांगत होतो. पहिली पाळी नुकतीच सुटली होती. भोवती सात-आठ जण जमले होते आणि मी डाव्या हाताची दोन बोटं ताठ धरून त्याची नक्कल करत होतो. नेमक्या हशाच्या जागी फोन वाजला. आमच्या बचाव गटातला संदीप म्हणाला, "ढेबेकाका वारले. वीर स्टेशनवर, बाकावर बसल्या बसल्या. मुलीकडे पनवेलला निघाले होते." मी हसलो. खरंच हसलो, कारण बाबूराव ढेबे स्टेशनच्या बाकावर मरतो यावर माझा विश्वास बसेना. कडे, घळी, मण्यार, रानडुक्कर, पोलादपूरच्या डोंगरात माणसाला मारायला जे काही आहे ते सगळं त्याच्या अंगावरून जाऊन दमलं होतं. आणि हा गाडीची वाट बघत, मांडीवर पिशवी घेऊन, पंख्याखाली... टपरीवरचे लोक अजून पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मी चहा तसाच ठेवला आणि रिक्षात बसलो.

बाबूराव कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवर सात घरांची वाडी आहे, तिथला. घरी म्हशी, थोडी नाचणी. तो आमच्या कारखान्यात फिटर होता आणि मी त्याच्या पाळीचा सुपरवायझर, म्हणून मी त्याचा 'सायेब'. पण हा शब्द तो अशा काही सुरात उच्चारायचा, की ऐकणाऱ्याला नक्की कोण कोणाच्या हाताखाली आहे ते कळू नये. कारखान्याबाहेर आम्ही दोघं एका बचाव गटात होतो. डोंगरात वाट चुकलेले, घसरलेले, हातपाय मोडून बसलेले लोक खाली आणायचे, हे आमचं सुट्टीच्या दिवसांचं काम. मी त्या गटात उत्साहाने होतो. तो गरजेने होता, म्हणजे गटाच्या गरजेने.

गटासाठी सुऱ्या घ्यायच्या ठरल्या तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. पंधरा जणांना पंधरा सुऱ्या हव्या होत्या, मिटणाऱ्या नकोत, सरळ एकाच पात्याच्या हव्यात, आणि पैसे तर बेताचेच. आम्ही हौशी लोकांनी कुठून कुठून आठ नमुने जमवले आणि गटाच्या खोलीत वर्तमानपत्रावर मांडले. एकीला करवतीचे दात होते, एकीवर वाघाचं तोंड कोरलं होतं. बाबूरावाने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि साबणाच्या पाण्याची बादली मागवली. "हात बुडवा," तो म्हणाला. मग त्या बुळबुळीत हातांनी एकेक सुरी धरून आम्हाला केळीच्या खांबात भोसकायला लावली. ज्या सुरीवर हात पुढे सरकला ती बाद. पहिल्याच फेरीत वाघ गेला. "सुरी घेताना पातं नका बघू, मूठ बघा," तो सांगत होता. "पातं लाकडाला लागतं. मूठ तुमाला लागते." मग त्याने उरलेल्या सुऱ्यांची पाठ दोन नाण्यांच्या जाडीशी ताडून पाहिली आणि पात्याची लांबी स्वतःच्या तळहाताच्या रुंदीशी. तळहाताहून बोटभर जास्त, बस. मी म्हणालो, जरा लांब असली तर शोभून दिसेल. तो म्हणाला, "लांब पातं फोटोला, आखूड पातं पोटाला." नंतर उरलेल्या सुऱ्या म्यानात घालून, म्यान माझ्या पट्ट्याला उलटं बांधून, कोणती निसटते ते बघायला मला खोलीभर उड्या मारायला लावलं. साहेब उड्या मारतोय हे बघायला खालचा शिंपीसुद्धा वर आला होता.

शेवटी जी उरली ती आठांतली सर्वांत कुरूप. बाजाराच्या दिवशी लोहार गोणपाटावर मांडून बसतो त्यातली, काळपट पात्याची आणि लाकडी मुठीची. पात्याचं पोलाद मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं आणि तीन ठिकाणी रिव्हेट मारलेले. बऱ्यापैकी चपलांच्या जोडापेक्षा स्वस्त. कोणीतरी म्हणालं, ही तर गंजेल. "गंजू दे," बाबूराव म्हणाला. "हे पोलाद दगडावर दोनदा घासलं की परत धरतं धार. चकचकीत हाय ते घासत बसाल सकाळपासून. गंजाला खोबरेल हाय, बोथट सुरीला काय हाय?" त्याचा बाप पारधीला जायचा, डुक्कर सोलण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. "आता कायदा हाय आन् बरा हाय," असं म्हणून बाबूराव ते प्रकरण मिटवायचा, पण बापाने हाडासांध्यातून सुरी कशी फिरवावी ते शिकवलं होतं आणि तेच ज्ञान तो दोरीत अडकलेल्या म्हशी कातडीला ओरखडा न येता सोडवायला वापरायचा. तरीही माझी खात्री पटेना, तेव्हा मला महाडच्या मोहल्ल्यात एका ओळखीच्या खाटकाकडे घेऊन गेला. त्याच्या हातात नेमकी तशीच काळपट, तीन रिव्हेटांची सुरी. "दिवसभर चरबीच्या हातानं मूठ धरणारा माणूस," बाहेर पडल्यावर बाबूराव म्हणाला, "सुरीच्या बाबतीत खोटं बोलत नाय."

इतकं सगळं होऊनही मी जे केलं ते आता लिहितो.

मी मोबाइलवरून गुपचूप एक वेगळी सुरी मागवली. पोकळ मूठ, मुठीच्या टोकाला फिरकीचं झाकण, झाकणात होकायंत्र, आत काड्या, गळ, दोरा, आणि पात्याच्या पाठीला करवत. किंमत लोहाराच्या सुरीइतकीच, आणि थाट सेनापतीचा. पार्सल आलं तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला. एवढी देखणी वस्तू कोणाला दाखवल्याशिवाय राहवेना, म्हणून दाखवली ती नेमकी बाबूरावाला. त्याने झाकण उघडून आत डोळा लावला, बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "सायेब, पातं मुठीत दोन पेरंसुद्धा गेलेलं नाय. ही भिंतीवर लावा. नायतर नाटकात वापरा, तुमाला शोभंल." मी ती भिंतीवर लावली नाही. पुढच्या मोहिमेला पट्ट्याला लावली आणि लोहाराची घरी ठेवली. हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

त्या मोहिमेत पुण्याचा एक मुलगा पोलादपूरच्या डोंगरात घळीत घसरून पाय मोडून पडला होता. स्ट्रेचर खाली सोडताना मदतीची एक बारीक दोरी कपारीत अशी अडकली की स्ट्रेचर कलंडायला लागलं. मुख्य दोर शाबूत होता, ही बारीक दोरी तेवढी तोडायला हवी होती, तीही लगेच. बाबूराव डाव्या हाताने स्ट्रेचर दगडापासून दूर धरून उभा होता. त्याची स्वतःची सुरी त्याने वर कारवीची झुडपं तोडणाऱ्या दोघांना दिली होती. "सुरी द्या," तो म्हणाला. मी माझी दिली. त्याने ती हातात घेतली, एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. बस, एवढंच. दोरी तुटली, पण कपारीतलं टोक उचकटायला त्याने पातं जरा पिळलं आणि ते मुठीतून निखळून त्याच्याच डाव्या तळहातात आरपार शिरलं. तो मुलगा सुखरूप खाली आला. सुरीची मूठ आणि त्याने हातातून उपसलेलं पातं, दोन्ही दरीत गेली. आणि बाबूरावाची दोन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात गटातल्या लोकांनी विचारलं, "सुरी कोणाची होती?" मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं... पण बाबूराव आधी बोलला. "माझी. दुसरी, घरीच बनवलेली, मूठ नीट बसली नव्हती. माझीच चूक." आणि मी तोंड मिटलं.

फिटरची दोन बोटं वाकेनाशी झाली की तो फिटर राहत नाही. त्याला भांडारात बसवलं, पाने-स्क्रू मोजून द्यायला. पण मला त्याहून वाईट वाटायला हवं होतं ते दुसऱ्या गोष्टीचं. त्यानंतर गटात सुरी निवडायला त्याला कोणी बोलावलं नाही. ज्याची स्वतःची सुरी त्याच्याच हातात घुसली, त्याचं काय ऐकायचं? पुढच्या सुऱ्या मोबाइलवरचे तारे मोजून घेतल्या. बाबूराव बैठकीला यायचा आणि मागे बसायचा.

आणि मी गोष्ट तयार केली. सुऱ्यांचा वैद्य आणि त्याला चावलेली सुरी. बादली, केळीचा खांब, लांब पातं फोटोला, सगळं रंगवून, आणि शेवटी दोन ताठ बोटांचा सलाम. सहलीत सांगितली, वाढदिवसांना सांगितली, गटाच्या वर्धापनदिनाला माईकवरून सांगितली. बाबूराव समोर बसून पूर्ण ऐकायचा. कधी उठून गेला नाही. मी समजत आलो की त्याला मजा येते, की त्याने मला कधीच माफ करून टाकलंय. सात-आठ वर्षं मी हे समजत आलो.

गेल्या महिन्यात गटाच्या खोलीत शोकसभा झाली. सुनंदावहिनी, म्हणजे बाबूरावाची बायको, मुलीबरोबर पुढच्या खुर्चीवर बसली होती. संदीप बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "काकांची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय." त्याने ती सांगितली. माझ्याच शब्दांत, माझ्याच थांबण्यांसकट, शेवटच्या सलामापर्यंत. लोक रडता रडता हसले. मी वहिनीकडे बघितलं. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती. ती सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तेव्हा मला समजलं की तिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मी उठलो. पोकळ मुठीची, झाकणाची, दोन पेरांची, सगळी हकिगत सांगितली. पण हात सवयीने हलले, आवाज सवयीने चढला, आणि "ती सुरी माझी होती" या वाक्याला खोलीत टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर एक ज्येष्ठ सभासद मला मिठी मारून म्हणाले, "मित्राची चूक अशी स्वतःवर घ्यायला मोठं मन लागतं हो." मी त्यांना शपथेवर सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. इतक्या वर्षांत माझ्या एका शब्दावर कोणी शंका घेतली नव्हती, आणि नेमक्या या एका खऱ्या वाक्यावर कोणाचा विश्वास बसेना.

म्हणून हे लिहिलं. कागदावर हात हलत नाहीत. छापायला देण्याआधी वहिनीला वाचून दाखवावं म्हणून परवा वाडीवर गेलो. ती ओसरीवर बसून फणस फोडत होती, बाबूरावाच्या सुरीने, पात्याला खोबरेल लावलेलं. "वाचा," ती म्हणाली, आणि हात न थांबवता ऐकत राहिली. मी पूर्ण वाचलं. शेवटी मी लिहिलं होतं की त्याने मला माफ केलं होतं, आणि म्हणूनच तो प्रत्येक वेळी ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकत बसायचा.

तिने पात्याला लागलेला चीक पदराने पुसला.

"शेवटचं तेवढं काढा, भावजी," ती म्हणाली. "माफ-बिफ काय केलं नव्हतं त्यांनी. गोष्ट सांगायला तुमी उभे रायलात की ते कान देऊन बसायचे. घरी येऊन मला सांगायचे, आज पण सायेब खरं नाय बोलले."