बाजूला काढलेली मूठ

काशीकाकीने मला पहिल्यांदा हाक मारली ती मी झाडू विकत आणला म्हणून. लग्न होऊन आशागडला आले त्याला आठवडाही झाला नव्हता. डहाणू रोडच्या बाजारातून हिरव्या प्लास्टिकच्या मुठीचा झाडू घेऊन रिक्षातून उतरले, तर शेजारच्या कुंपणाआडून आवाज आला, "काय गो, गावातल्या शिंदी मेल्या काय?" मला काही कळेना. नव्या सुनेला असं कोणी बोलतं का! संध्याकाळी बाई दारात हजर. हातात शिंदीच्या पानांची ताजी बांधलेली केरसुणी. माझा झाडू तिने उलटसुलट करून बघितला, दोन काड्या ओढून काढल्या आणि म्हणाली, "पाऊस बघणार नाही हा." खरंच नाही बघितला.

बारीक अंगाची, तुरुतुरु चालणारी बाई. मंगल नावाची एकुलती लेक तलासरीला दिलेली. नवरा, म्हणजे दामूकाका, नारळी पौर्णिमा झाली की गुजरातेतल्या बोटीवर खलाशी म्हणून जायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. वर्षातले नऊ-दहा महिने काकी एकटी. घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकू निवडायला जायची. व्यापारी घेत नाही ते तडकलेले चिकू पदरात बांधून आणायची, चकत्या करून पत्र्यावर वाळवायची आणि पावसाळाभर खायची. बोंबील स्वस्त झाले की चिंचणीला जाऊन वर्षाचे सुके एकदम आणायची. भांडी घासलेलं पाणी केळीला, तांदूळ धुतलेलं पाणी वालाच्या वेलाला. तिच्या घरात काडेपेटी अशी नव्हतीच. रात्री निखारा राखेत पुरायचा आणि सकाळी फुंकून जागा करायचा. "आग पण विकत घ्यायची म्हणजे झालंच मग," म्हणायची.

मी पडले उधळी. दिसलं की घेतलं, असा माझा खाक्या. मिक्सर आणला तेव्हा तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "वीज गेली की तुझी चटणी पण गेली. पाट्याला काय लागतं? हात. ते कुठे चाललेत?" मी म्हटलं, "काकी, तुझ्यासारखी राहायला लागले तर दुकानदार उपाशी मरतील." त्यावर हसली नाही. "मला त्यांच्या दारात उभं राहायचं नाही एवढंच. हात आहेत तोवर हात पसरायचा नाही," म्हणाली. आणि माझ्या शिलाई मशीनखालची कातरणं गोळा करून घेऊन गेली. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. माझ्या ज्या चिंध्या कचऱ्यात जायच्या, त्यांच्या तिने गोधड्या शिवल्या. माझ्या दोन्ही मुलांची बाळंतपणं त्या गोधड्यांवर झाली. काही फुटलं, फाटलं की तिचं ठरलेलं वाक्य: "फेकू नको गो, त्याचं काम बदल."

मग एका वर्षी दामूकाकांची बोट समुद्रातली देशाची हद्द ओलांडून गेली आणि पलीकडच्या देशाने पकडली. आमच्या भागाला हे नवीन नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अशी बरीच घरं सापडतील. बोट परक्याची, समुद्र परक्याचा, आणि तुरुंगात माणूस मात्र आपला. बोटीच्या मालकाकडच्या कोणाचा तरी फोन माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर आला. मीच गेले सांगायला. काकी उखळात भात कांडत होती. ऐकलं, मुसळ भिंतीला टेकवलं आणि विचारलं, "तिकडे भात देतात काय?"

मी म्हटलं, रोटी देत असतील बहुतेक. मग काकी आत गेली, सकाळी रांधायला काढलेलं तांदळाचं मापटं आणलं, त्यातून एक मूठ उचलली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या मडक्यात टाकली. "त्यांचा वाटा," म्हणाली.

त्या दिवसापासून रोज एक मूठ. चुकली नाही, अंगात ताप असताना नाही, लेकीच्या बाळंतपणाला तलासरीला गेली तेव्हाही नाही. तिथून आली ती पंधरा मुठींचं गाठोडं घेऊनच. मडक्यात कडुलिंबाचा पाला, तोंडाला फडकं. तांदूळ जुना झाला की किडे धरतो, म्हणून नवीन भात घरात आलं की मडक्यातला जुना तांदूळ स्वतः खायला काढायची आणि नव्याने मडकं भरायची. एवढीशी तर तिची शेती! नव्या तांदळाचा वास घरभर सुटलेला आणि ही बाई वर्षाचा शिळा तांदूळ निवडत बसलेली. मी एकदा वैतागून म्हटलं, "काकी, वर्षातून एकदा तरी नवा खा ना." तर म्हणते, "ते कधी येतील सांगता येतं काय? दारात आले आणि घरात जुनंपानं असलं तर तोंड कुठे लपवू?"

दोन पत्रं आली तेवढी. मीच वाचून दाखवली. 'मी खुशाल आहे. भात पेरलं का. छपराचं बघ.' दुसरं पत्र आणखी लहान होतं. मग पत्रं बंद झाली. वर्ष गेलं, दुसरं सरत आलं. काकांच्या घरातली माणसं कुजबुजायला लागली. एक लांबची जाऊ तर तोंडावर म्हणाली, "किती दिवस कुंकू लावशील? बाराव्याचं बघा आता." काकी ताडकन उठली. "पत्र आलं नाही म्हणजे माणूस मेला म्हणता? मग पोस्टमननं अर्धा गाव मारला की!" आम्ही सगळ्या हसलो. ती जाऊसुद्धा हसली. काकी मात्र आत जाऊन चुलीशी बसली आणि बराच वेळ राख उकरत राहिली.

दर दिवाळीला ती काकांचा एक निळा सदरा माझ्याकडे आणायची. "बाजूला शिलाई मार जरा." पहिल्या वर्षी मला वाटलं, फाटलाय. तर नाही! सदरा धड होता. "बोटभर आत घे. तिकडे वाळले असतील." मी मशीनवर बसले खरी, पण पायडलवर पाय पडेना. नसलेल्या माणसाचं माप कसं घ्यायचं, सांगा! दुसऱ्या वर्षी आणखी बोटभर. तिसऱ्या वर्षी सदरा एवढा अरुंद झाला की मी हातात धरून रडले. त्या घरात जायची मला भीती वाटायला लागली होती, खोटं कशाला सांगू? खुंटीवर तो सदरा, कोपऱ्यात ते मडकं, आणि काकी चुलीशी बसून कोणाला तरी सांगितल्यासारखी बोलायची, "आज वालाला फूल आलंय हं." मी दारात उभी आहे हे तिला माहीतसुद्धा नसायचं.

चौथ्या वर्षी काका सुटले. यादीत नाव आलं, फोन आला, मग चार दिवस काहीच नाही, आणि मार्गशीर्षातल्या एका दुपारी आणखी तिघांबरोबर गाडीतून उतरले. लोकांनी हार घातले, फोटो काढले. काका हार घालून तसेच उभे राहिले. कोणीतरी "बसा" म्हटलं तेव्हा बसले. हातात कापडी पिशवी होती, तिच्यात मण्यांनी विणलेल्या बांगड्या. तिकडे बसून बसून शिकले म्हणे. काकीने तो निळा सदरा त्यांना घातला. तीन वर्षं मी आत आत घेतलेला सदरा, तरीही सैल झाला.

त्या दिवशी तिने मडक्याला हात घातला. महिन्यापूर्वीच नवीन भात कांडून ते गच्च भरलेलं. जुना तांदूळ होता तो सगळा तिने स्वतः खाऊन संपवलेला. पांढराशुभ्र, मऊ, चिकट भात तिने काकांना वाढला, वर सुक्या बोंबलांचं कालवण. वाढत गेली, ते खात गेले. नको म्हणायचं असतं हे ते विसरले होते. आम्ही बायका दारात उभ्या राहून डोळे पुसत होतो. वाटलं, झालं बाई एकदाचं.

नवा तांदूळ पोटाला जड. आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक आहे की आजाऱ्याला, अशक्त माणसाला जुन्या तांदळाची पेज द्यावी. काकीला ठाऊक नसेल? पण चार वर्षं तिच्या डोक्यात एकच की त्यांना नवं द्यायचं. काकांचं पोट त्या रात्रीच बिघडलं. पाचव्या दिवशी उठून बसले तेव्हा चेहऱ्याची नुसती हाडं उरली होती. काकी घरोघर जुना तांदूळ मागत फिरली. कधी कोणाच्या दारात न गेलेली बाई पदर पसरून माझ्या ओट्यावर उभी राहिली. मी अख्खा डबा पुढे केला, तर तिने दोनच मुठी घेतल्या. "चार वर्षं जुना मीच गिळला गो, मालू," एवढंच म्हणाली. मी तिला खूप समजावलं. तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की काही आत जात नाहीये.

काका बरे झाले, पण हिंडते-फिरते झाले एवढंच. उजाडायच्या आधी उठून अंगणात उकिडवे बसायचे, कोणीतरी येऊन मोजून जाईल तसे. काकीने "उठा" म्हटलं की उठायचे. "जेवा" म्हटलं की जेवायचे. दिवसभर मणी ओवायचे. स्वतःहून एक शब्द नाही. मंगल आली, नातू मांडीवर ठेवला, तर त्याला धरून बसले आणि ती घेईपर्यंत तसेच बसून राहिले.

आणि एका सकाळी मी बघते तर काकी मापट्यातून मूठ काढून मडक्यात टाकतेय! मला वाटलं सवयीने चुकली असेल. "अगो काकी, काका आले ना? आता कोणासाठी?"

तिने अंगणात बसलेल्या काकांकडे बघितलं. आवाज बारीक करून म्हणाली, "माणूस अर्धाच आलाय गो. अर्धा यायचाय अजून. तो आला म्हणजे उपाशी राहील काय?"

माझं डोकंच फिरलं. चार वर्षांचं सगळं साठलेलं बाहेर आलं. "पुरे कर आता ही कंजुषी! माणूस डोळ्यांसमोर वाळतोय आणि तू मडकं भरत बसतेस! येडी झालीस काय? तुझ्या ह्या काटकसरीनेच त्यांचं पोट..." पुढचं मी गिळलं. पण जेवढं बोलले तेवढं बस होतं. काकीने फडकं मडक्याच्या तोंडाला नीट बांधलं आणि मला म्हणाली, "चहा घेशील?" माझं ते तोडलेलं वाक्य आजही मला मशीनवर बसल्या बसल्या ऐकू येतं. धागा तुटतो, आणि मी तशीच बसून राहते.

त्या पावसाळ्यात भात लावणीच्या दिवसांत काकीला ताप भरला. गवती चहा झाला, तुळस झाली, गुळवेलीचा काढा झाला. "दवाखान्याला कशाला? घरात आहे ना सगळं," तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी श्वास लागला, तेव्हा मी तिचं काही न ऐकता तिला रिक्षात घातलं. वाटेत माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आजची मूठ काढली नाही मी. तू काढशील?" मी हो म्हटलं. डहाणूला दवाखान्यात ती दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. छातीत पाणी भरलं होतं. आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. मलाही ते कळत होतं.

तिला घरी आणलं. पाऊस थोडा कमी झाला होता. काका अंगणात त्यांच्या जागी उकिडवे बसलेले. कोणीतरी त्यांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. मंगल तलासरीहून आली आणि आईच्या पायांवर पडून ओरडली, तरी ते तसेच. लोक हळहळले, म्हणाले, बरंय, ह्यांना काही कळत नाही. आम्ही बायकांनी काकीला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. सवाष्ण गेली, नशीबवान, असं त्या जावेनेच म्हटलं.

बाहेर तिरडी बांधून होत आली तेव्हा काका उठले. कोणी "उठा" म्हटलं नव्हतं. अंगण ओलांडून दारापर्यंत आले, पायातल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या, डोक्यावरचं पाणी हाताने निपटलं. आम्ही सगळ्या बाजूला सरकलो. उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी आत बघितलं आणि लांबच्या प्रवासाहून आलेला माणूस म्हणतो तसं म्हणाले, "अगो, मी आलो."

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, तिला ऐकू गेलं नसेल म्हणून.