भिंतीकडे तोंड
हाताला साबणाचा फेस लागला की मला माझा हिरवा चुडा आठवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी केळशीच्या घरी, पडवीत कासारीण साबण लावून माझा हात दाबत होती आणि पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली होती. मी तोंड वाकडं केलं की समोर बसलेल्या आई, काकू, आत्या सगळ्यांची तोंडं तशीच वाकडी व्हायची, आणि ती बघून माझा हात आणखी ताठ व्हायचा. चुड्यातली बांगडी भरतानाच वाढली तर अपशकुन; फुटली असं म्हणायचं नाही. म्हणून कासारीणही थांबली. आई म्हणाली, "सोसवत नसेल तर मोठं माप घे गो." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माप हेच. तुम्ही सगळ्या आधी भिंतीकडे तोंड करा." कुरकुरत फिरल्या. समोर नुसत्या पाठी आणि गजरे उरले. मी हात सैल सोडला आणि बांगडी सरकन मनगटावर उतरली. मग बाकीच्याही. दोन्ही हात भरल्यावर ते वर नेऊन मी असे खळखळवले की सगळ्या एकदम वळल्या, आणि आई तर तोंडभर हसत होती. काल लेकीचा चुडा भरताना मी कुणी न सांगताच भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मागे खळखळ झाली तेव्हाच वळले.