मागचे दिवे आणि मेव्हण्याची बदनामी

गेल्या श्रावणात मी आमच्या पिकअपच्या मागे दोन जादा दिवे लावले. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर खूश होते, मी खूश होतो, फक्त सूनबाई खूश नव्हती. "बाबा, मागे काही दिसत नाही तुम्हाला. एक तर दिवे लावा, नाहीतर चावी माझ्याकडे द्या." आता गाडी तीच चालवते. सुरतेत, पांडेसऱ्यात, डाईंगवाल्यांकडे कापडाचे ताके तीच पोचवते. माझ्याकडे उरली आहे ती रविवारची भाजी आणि कानबाईची मिरवणूक. ती सोडायला मी तयार नव्हतो.

दिवे आणले ते ट्रॅक्टरला लावतात तसले, पांढरे, सहा-सहा डोळ्यांचे. भेस्तानचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काका, आ तो दिवस उगी जशे!" म्हणजे रात्रीच दिवस उगवेल. रिव्हर्सच्या बारीक वायरवर एवढा भार टाकू नका, मध्ये भार झेलणारा रिले बसवा, हेही त्याने समजावलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन सगळं स्वतःच जोडलं. रिले बरोबर बसला. वायर मात्र ब्रेकच्या दिव्याची धरली गेली.

त्यामुळे बमरोली रोडवर मी ब्रेकवर पाय ठेवला की मागे लख्ख ऊन पडायचं. एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, "दादा, शादी है क्या?" मी घाबरून परत ब्रेक दाबला. परत ऊन. घरी पोचेपर्यंत मी एकटाच केबिनमध्ये हसत होतो. दुसऱ्या दिवशी बरोबर वायर सापडली. रिव्हर्स टाकला आणि आमची भिंत, भिंतीवरची पाल, पालीच्या तोंडातला किडा, सगळं स्वच्छ दिसलं. इतकं स्वच्छ मागे पाहायची माझी तयारी नव्हती, हे मला तिथेच कळलं.

कारण मागची एक गोष्ट मी वीस-बावीस वर्षं खोटी सांगत आलो होतो.

तेव्हा गाडी नवी होती. कानबाई सासरवाडीच्या गल्लीत बसली होती. आम्हा खानदेशी लोकांची ही देवी म्हणजे नथ-डोळे लावून सजवलेला नारळ. श्रावणातल्या रविवारी तिची स्थापना होते आणि सोमवारी सकाळी बायका तिला गाडीत बसवून, पुढे गात-नाचत, तापीवर नेतात. गल्लीत गाडी वळत नाही, म्हणून मांडवापर्यंत उलटी घ्यावी लागते. मागे माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, उभा होता. आमची रीत ठरलेली होती. गाडीच्या पत्र्यावर त्याने एक थाप मारली की यायचं, दोन मारल्या की थांबायचं.

त्याने दोन थापा मारल्या. "दाजी, थांबा!" असंही ओरडला. मी ऐकलं. पण मी आदल्या दिवशी मिशांना कलप लावला होता आणि दारात सासरच्या सगळ्या बायका उभ्या होत्या, म्हणून बाजूचा आरसा मी स्वतःकडे वळवून घेतला होता. मिशा छान दिसत होत्या. हा उगाच घाबरतो, असं वाटून मी अजून थोडी मागे घेतली आणि मांडवाचा खांब गेला. गाणाऱ्या बायकांवर कापड कोसळलं. कुणाला लागलं नाही. कानबाई एका आजीने पदरात झेलली.

सगळे धावत आले तेव्हा मी खाली उतरून म्हणालो, "हाच म्हणाला, येऊ द्या."

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं, आणि गप्प बसला. जावयाला त्याच्या सासरी चारचौघांत खोटं पाडायचं नाही, एवढ्यासाठी. मोठ्या माणसांनी ठरवलं की यापुढे कानबाईच्या गाडीजवळ याने यायचं नाही. आणि त्याचं नावच पडलं 'येऊ द्या'. त्याच्या मुलीच्या लग्नात वरातीची गाडी मागे घेताना कोणी तरी म्हणालं, "येऊ द्याला लांब ठेवा रे." सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिताना मला सर्वात जड जातंय ते हे हसणं.

आणि मी दिवे लावले त्या वर्षी तो दिवाळीनंतर कायमचा धुळ्याकडे गावी जाणार होता. म्हणजे सुरतेतली ही त्याची शेवटची कानबाई.

सोमवारी पहाटे, सासरवाडीच्या त्याच गल्लीत, अजून उजाडलं नव्हतं. मी रिव्हर्स टाकला आणि गल्ली पेटली. "अगं बाई, पावडर दिसतीय माझी!" कोणी तरी किंचाळलं. पार टोकाला, पानाच्या टपरीपाशी, खांद्यावर टॉवेल टाकलेला मेव्हणा भर उजेडात उभा होता.

"तो बघा, येऊ द्या!" एक भाचेजावई ओरडला.

मी इंजिन बंद केलं, पण चावी चालू ठेवली, गिअर तसाच ठेवला, हँडब्रेक ओढला आणि उतरलो. दिवे चालूच. रिव्हर्सचा भोंगाही चालूच.

"ऐका सगळे," मी म्हणालो. "तो मांडव मी पाडला."

"कृपया ध्यान दें, गाडी पीछे आ रही है," भोंगा म्हणाला.

"याने थांबा म्हटलं होतं. दोन थापा मारल्या होत्या. मी ऐकलं होतं."

"कृपया ध्यान दें..."

"मी आरशात मिशा बघत होतो!"

मग बायको पुढे आली, थेट अहिराणीवर. "काय सांगी ऱ्हायनात तुम्ही! मना भाऊले इतके वरीस..." पुढचं तिला रडू आलं म्हणून राहिलं, आणि लगेच हसू आलं म्हणूनही.

मेव्हणा सावकाश चालत उजेडातून आला. गुडघे दुखतात त्याचे. माझ्यासमोर उभा राहिला.

"मिशा, दाजी?"

"हो."

"ह्या?" त्याने माझ्या पांढऱ्या झुपक्याकडे बोट केलं आणि त्याला असं हसू फुटलं की टॉवेल खाली पडला. मग सगळी गल्लीच हसायला लागली. भाचेजावई मात्र मान खाली घालून पुढे आला आणि त्याच्या पाया पडला.

बायकोने निकाल दिला. चावी सूनबाईला. भाऊ पुढे, केबिनमध्ये, खिडकीशी. आणि बायका अनवाणी नाचतात म्हणून त्यांच्या चपलांची गोणी माझ्या खांद्यावर.

मिरवणूक निघाली. प्रत्येक नाक्यावर मेव्हणा खिडकीतून बाहेर वाकायचा आणि ओळखीचं कोणी दिसलं की हाक मारायचा, "अहो, मांडव कोणी पाडला ते आमच्या दाजींना विचारा!" ते विचारायचे. मी गोणी सावरत सांगायचो, सगळं, कलपासकट. पाचव्या नाक्यापर्यंत मला इतकं हलकं वाटायला लागलं होतं की कोणी विचारलं नाही तरी मी थांबून सांगू लागलो.

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. नदीवर पोचल्यावर तेवढं मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला. "अजून अर्धी सुरत बाकी आहे, दाजी."