कुंडलिकची ॲल्युमिनियमची टाकी

मुलुंडच्या गाळ्यात पंचवीस वर्षं लोखंड जोडणारा कुंडलिक त्या रविवारी नवरदेवासारखा मिरवत होता. अहो, का नाही मिरवणार? लेकीसाठी त्यानं स्वतःच्या हातानं हवेची टाकी बनवली होती, तीही ॲल्युमिनियमची! दर्शना भिंतींवर टाकीतल्या हवेवर चालणाऱ्या स्प्रेनं चित्रं काढायची. कंपनीची लोखंडी टाकी उचलून पोरीच्या कमरेची वाट लागायची. ही मात्र एका हातात!

"वेल्डिंग बघ! आहे का मुंबईत कोणी माईचा लाल?"

"झकास, पप्पा!" दर्शना साबणाच्या फेसाचा ब्रश घेऊन टाकीला खेटूनच बसली. गाळ्यातली रीतच ती. हवा भरायची, फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती सापडली. कुंडलिकचा हात कॉम्प्रेसरच्या बटणाकडे गेला.

"थांबा!" डबा घेऊन आलेली बायको, शकू, दारातूनच ओरडली. ती ब्लाऊज शिवायची. तिनं जोडावरून बोट फिरवलं. "शिवण पक्की आहे हो. पण कापड? माझ्याकडं शिवण उसवत नाही, तिच्या शेजारचं कापड फाटतं. आपल्या बिल्डिंगीत पाइप टाकले तेव्हा प्लंबरनं पाणीच भरून बघितलं ना? फुटलं तर नुसतं सांडतं. कोंडलेली हवा म्हणजे बॉम्ब!"

"आता तू मला शिकव!" कुंडलिक भडकला. पण शकू डबा उघडेना, आणि पोटात कावळे कोकलत होते. चरफडतच त्यानं टाकी काठोकाठ पाण्यानं भरली, शेजारच्या प्लंबरचा, पाण्याचा दाब वाढवायचा हातपंप जोडला आणि दांडा हाणायला लागला.

दाबाचा काटा चारवर. पाचवर. "बघ, ढिम्म हलत नाही!" सहा! दर्शना हातातला ब्रश नाचवायला लागली. रोजच्या कामाला आठ लागायचे. सात!

फाट!

चिळकांडी उडाली, दर्शनाची ओढणी भिजली. बस्स, एवढंच. जोड जसाच्या तसा होता, त्याला लागून बोटभर पत्रा फाटला होता. वेल्डिंगच्या आचेनं जोडाशेजारचं ॲल्युमिनियम मऊ पडतं, हे लोखंडात हयात गेलेल्या कुंडलिकच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यानं फाटीवर हात ठेवला. समोर लेक बसली होती, ब्रश अजून हातात.

"शके, मी हवा भरणार होतो गं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

शकूनं डबा उघडला. कुंडलिक जेवला नाही. भंगारातून उचलून कुणी हवा भरू नये म्हणून त्यानं आधी त्या टाकीचे कटरनं दोन तुकडे केले, आणि मग लोखंडी टाकीला चाकं बसवायला घेतली.